पहिल्या फोनाआधी

रत्नागिरी,
१२ नोव्हेंबर

प्रिय संजय,

परवा फोनवर मी मनाच्या डॉक्टरकडे जायचा विषय काढला आणि तू लगेच आंब्याच्या कलमांवर गेलास. पालवीच जास्त आलीय, मोहोर कधी धरणार कोण जाणे, वगैरे. वहिनी जवळपास असाव्यात असं वाटलं, म्हणून मीही ताणलं नाही. हे पत्र बागेतल्या मांगरात बसून सावकाश वाच.

‘माका काय झालाहा?’ असं तू तीनदा म्हणालास. त्याच फोनवर तू सांगितलेलं तुझ्यापुढे ठेवतो. पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. ताटातलं ताटात राहतं. बागेकडे पाय वळत नाहीत. आणि हे गणपतीपासून चाललंय. मन उदास आहे, कशात रस वाटत नाही, असं सलग दोन आठवडे राहिलं तर तपासून घ्यावं, असा डॉक्टरांचा साधा नियम आहे. तुला दोन महिने उलटून गेले.

तुझी खरी अडचण मला कळते. आपल्याकडे कोणी जरा विचित्र वागला की ‘याला रत्नागिरीला पाठवा’ म्हणतात. इथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, त्यामुळे तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलाय. पण मी तुला जिथे जा म्हणतोय तिथे खाट नसते, दोन खुर्च्या असतात. पाऊण तास ते तासभर बोलायचं आणि संध्याकाळच्या एसटीने घरी यायचं. बोलायला आलेल्या माणसाला कोणी धरून ठेवत नाही.

कोणाकडे जायचं, यातही लोकांचा गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात पुढे शिकलेला डॉक्टर, तो औषधं देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाही, बोलण्यातून उपचार करतो. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, नंबर बेधडक विचार. समुपदेशक मात्र कोणीही पाटी लावून होतो, म्हणून शिक्षण काय आणि कुठे झालं हे विचारल्याशिवाय जाऊ नकोस. चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. तुझ्यासाठी मी म्हणेन, आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचा वार विचारून घे आणि केसपेपर काढ. कणकवलीला गाडी बदलावी लागेल, पण देवगडातलं कोणी ओळखीचं भेटायची शक्यताही कमी. ते थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायला सांगतील, तेवढं करून घे. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच थकतो, उदास होतो.

फोन करताना जीभ जड होते, म्हणून वाक्यच लिहून देतो: ‘दोन महिने झोप नाही, कामात मन लागत नाही. पहिल्यांदाच येतोय. वेळ कधी मिळेल आणि फी किती?’ बास. यापलीकडे फोनवर काही सांगायची गरज नाही. खाजगीत जात असशील तर कमी फीची सोय आहे का तेही विचार, बरेच जण करतात.

पहिल्या भेटीत तुला रडवत नाहीत की लहानपण उकरत बसत नाहीत. झोप, भूक, काम, घरचे, दारू, आधीचं दुखणं, घराण्यात कोणाला असं झालं होतं का, असे प्रश्न असतात. बहुधा नऊ प्रश्नांचा एक कागद देतील. गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, त्याला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा त्याच्या वर गेलं की नीट लक्ष घालतात. ती परीक्षा नव्हे. सहा आठवड्यांनी तोच कागद पुन्हा भरला की फरक पडतोय का ते दिसतं. त्यात जीव नकोसा होतो का, असाही प्रश्न असेल. दचकू नकोस, तो सगळ्यांना विचारतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलून टाकल्यावर माणूस मोकळा होतो. जे खरं असेल ते सांग.

आता तुझा मोठा धसका, बाहेर कळेल का? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात २३ वं कलम गोपनीयतेचंच आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा कोर्टाने मागितलं, अशा मोजक्या वेळीच ते बंधन सैल होतं. पहिल्याच दिवशी विचार, ‘माझं बोलणं कोणाला सांगाल, कोणाला नाही?’ उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा माणूस बघ. शेजारगावचा, नात्यातला, सोसायटीच्या मीटिंगला भेटणारा असा माणूस कितीही चांगला असला तरी नको. ऑनलाइन भेट घेणार असशील तर मांगरच बरा. इअरफोन लाव आणि रेंज गेली तर कोणी कोणाला परत फोन करायचा ते आधी ठरव. नाहीतर ऐन बोलण्यात फोन तुटतो आणि दोघेही वाट बघत बसतात.

बोलून काय होणार, असं तू म्हणालास. एक नमुना दाखवतो. वहीत चार रकाने आख. समज, मोहोर तुडतुड्याच्या किडीने गेला. पहिल्या रकान्यात ती घटना. दुसऱ्यात त्या क्षणी मनात जे आलं ते, त्याच शब्दांत: ‘मी कशाच्याच लायकीचा नाही.’ तिसऱ्यात किती बोचलं, शंभरात नव्वद. चौथा रकाना वेळ खातो: हे खरं असल्याचा पुरावा काय, नसल्याचा काय? फवारणी चार दिवस उशिरा झाली, हे खरं. पण ढगाळ हवा तुझ्या हातात नव्हती, आजूबाजूच्या बागांचंही तेच झालं, आणि त्याआधीची दहा वर्षं हीच बाग तू सांभाळलीस, हेही खरं. हे लिहून झाल्यावर तिसऱ्या रकान्यातला आकडा पुन्हा घाल. तो शून्यावर येत नाही, नव्वदाचा साठ होतो. साठवर माणूस अंथरुणातून उठून पाण्याची मोटार चालू करू शकतो. उपचारक समोर बसून हे करून घेतो, कारण एकट्याने लिहिताना आपण चौथा रकाना दोन ओळींत गुंडाळतो.

अशा उपचाराला साधारण सहा ते वीस भेटी लागतात, सुरुवातीला आठवड्याला एक. लोक सोडतात ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर. दाबून ठेवलेलं वर आल्याने दोन दिवस जास्तच जड जातं आणि वाटतं, हे आपल्याला बाधलं. ते अपेक्षित असतं, पुढच्या भेटीत पहिलं वाक्य तेच बोल. दुसरी चूक म्हणजे पैसे वाचवायला महिन्याने जाणं. मग अर्धी भेट मागचं आठवण्यातच जाते. तिसरी, माणूस पटला नाही तर उपचारच वाईट म्हणून घरी बसणं. चार भेटी दे. तो सारखा उपदेश करत असेल, घड्याळ बघत असेल, कुलदैवताचा राग आहे म्हणत असेल, तर बदल. आणि आईला देवाला कौल लावायचा असेल तर लावू दे, तिच्याशी वाद नको. फक्त ओरोसची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नकोस.

गोळ्या दिल्या तर गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नकोस.

एक गोष्ट मात्र आजच कर. फवारणीची सगळी औषधं एका पेटीत कुलपात टाक आणि चावी वहिनींकडे दे. मांगरात मोकळी ठेवू नकोस. तुझ्या बोलण्यात ‘सुटलो असतो तर बरं’ असं एकदा आलं, ते मी ऐकलंय. नसतं आलं तरी हेच सांगितलं असतं. अशी रात्र आली तर १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि मलाही लाव, कितीही वाजले असले तरी.

ओरोसची वेळ ठरली की नुसती तारीख कळव. तू म्हणशील तर मी कणकवली स्टँडवर येईन, बाहेर बाकावर बसेन, आत येणार नाही आणि येताना काही विचारणारही नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश