जुन्या जीपचे पाटे बदलण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की कोल्हापुरात जुन्या जीपांची कामे निघतात. गगनबावडा, दाजीपूर, आंबा या बाजूंना चार महिने फिरून गाडी खिळखिळी झालेली असते आणि मालक गॅरेजवाल्याला सांगतो, “आता नवीन सस्पेन्शनच टाका.” मागणी रास्त आहे. विलीस या अमेरिकी कंपनीच्या नमुन्याची जीप आपल्या देशात १९४७ पासून जुळवली जाऊ लागली, आणि तिचे पाटेही, म्हणजे गाडीचे वजन पेलणारे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंगही, त्याच जमान्यातले. पण सध्या आधी गाडी उंच करायची आणि मग हँडल का थरथरते ते शोधत बसायचे, असा उलटा क्रम पडला आहे. म्हणून मालक आणि कारागीर दोघांसाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पाट्यांचा जुना सेट कडक का लागतो? त्यातले आठ-दहा पाटे एकमेकांवर घासतात. चिखलपाणी आत शिरून गंज धरला की हे घासणे इतके वाढते की लहान खड्ड्याला सेट दबतच नाही. सगळा दणका चासीत (गाडीच्या सांगाड्यात) आणि बसणाऱ्याच्या कमरेत जातो. सेट उतरवून, पाटे सुटे करून, तारेच्या ब्रशने घासून, ग्रॅफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधला तरी बराच फरक पडतो. खिशात हात घालण्याआधी एवढे करून पाहावेच.

त्यापुढे जायचे तर माझ्या मते पॅराबोलिक पाटे हाच शहाणपणाचा मार्ग. हा पाटा मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जातो. दहाऐवजी दोन ते चार पाट्यांवर भागते, ते मध्ये आणि टोकांनाच टेकतात, बाकी फट राहते. चासीवर एकही नवा ब्रॅकेट लागत नाही आणि वाटल्यास मूळ सेट परत चढवता येतो. पण इथेच पहिली चूक होते. जुन्या सेटमधले घासणे हेच शॉकअपचे, म्हणजे गाडीचे हेलकावे जिरवणाऱ्या नळकांड्याचे, अर्धे काम करत होते. ते घासणे गेले आणि शॉकअप मात्र तेच कमजोर राहिले, तर गाडी होडीसारखी डुलते आणि दोष नव्या पाट्यांवर येतो. पॅराबोलिकबरोबर जास्त दाबाचे, गॅस भरलेले शॉकअप घेतलेच पाहिजेत. साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये सलग खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि तो पोकळ चालतो. नायट्रोजनच्या दाबाने हा फेस आवरतो.

पाटे मागवताना “जीपचे द्या” एवढे सांगून भागत नाही. आपल्याकडच्या कित्येक जीपांत मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले आहे, म्हणजे पुढचा भार बदलला. वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाके आणि मग फक्त मागची चाके चढवून दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. गाडी नेहमी जशी चालते तशी हवी, म्हणजे टाकी भरलेली आणि स्टेपनी जागेवर. हे आकडे पाटेवाल्याला द्यावेत. “थोडा कडक करा” म्हणून ट्रकचा पाटा कापून मध्ये घालण्याची पद्धत बंद व्हायला हवी. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. ६ मिमीऐवजी ७ मिमीचा पाटा घेतला तर तेवढा एक पाटा जवळजवळ ५९ टक्क्यांनी कडक होतो. लांबी १० टक्के वाढवली की कडकपणा चतुर्थांशाने उतरतो, म्हणून लांब आणि पातळ पाटा मऊ चालतो. बसलेला पाटा गॅसच्या ज्योतीने तापवून कमान चढवणे हाही तोट्याचाच व्यवहार आहे. स्प्रिंग स्टीलचे टेंपर (उष्णता देऊन आणलेला लवचीक कडकपणा) उतरते आणि थोड्याच दिवसांत पाटा पुन्हा बसतो किंवा तापवलेल्या जागी तुटतो.

आता बसवणी. जुन्या विलीसला यू आकाराचे, आट्यांचे शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला टांगणाऱ्या कड्या, असतात. त्यांतले काही डाव्या आट्यांचे असतात, आणि ते ओळखायला शॅकलच्या दांड्यावर छोटा उंचवटा दिलेला असतो. तो न पाहता पाना लावून जोर केला की आटे कापले जातात. पाटे मध्ये एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके हाउसिंगच्या (चाकांच्या आसाच्या कवचाच्या) बैठकीतल्या भोकात घट्ट बसले पाहिजे. ते लहान पडले तर ब्रेक मारताना हाउसिंग सरकते आणि गाडी तिरकी चालते. पाटा हाउसिंगला बांधणारे यू बोल्ट दरवेळी नवेच घ्यावेत, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा पकड धरत नाही. चारही नट फुलीच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत. सांध्यांत रबरी बुश (बोल्टभोवतीचे अस्तर) असतील तर शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्यांचे (टोकांच्या गोल भोकांचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना पक्के करू नयेत. चाके जमिनीवर, पूर्ण वजन पाट्यांवर, दोन-तीनदा गाडी दाबून सोडायची आणि मग शेवटचा आवळा. नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतो आणि लवकर फाटतो. रबराला ग्रीस लावू नये, ते फुगते. पॉलियुरेथेनच्या बुशाला मात्र सिलिकॉन ग्रीस हवे, नाहीतर चिखलाची कच गेली की कुईकुई सुरू.

शॉकअपची लांबी हा सगळ्यांत दुर्लक्षित विषय. शॉकअप काढून ठेवायचे. एका बाजूचे चाक जॅकने वर ढकलून बंप स्टॉपला (चासीखालच्या रबरी ठोकळ्याला) टेकवायचे, दुसरे पूर्ण लोंबू द्यायचे, आणि दोन्हीकडे वरच्या पिनेपासून खालच्या पिनेपर्यंत माप घ्यायचे. मिटलेला शॉकअप पहिल्या मापापेक्षा किमान २० मिमी आखूड आणि उघडलेला दुसऱ्या मापापेक्षा तेवढाच लांब हवा. धक्का बंप स्टॉपने खायचा असतो. शॉकअप आतून टेकायला लागला की सील फुटते, नाहीतर वरचा ब्रॅकेट चासीतून उपटतो.

खरे नुकसान होते ते गाडी उंच करण्याच्या हौसेने. लांब शॅकल टाकून इंच-दोन इंच उंची मिळते, खर्चही किरकोळ, म्हणून तेच केले जाते. पण विलीसचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की पाट्याचे पुढचे टोक खाली जाते, हाउसिंग पुढे झुकते आणि किंगपिनचा (ज्या खिळीभोवती पुढचे चाक वळते तिचा) मागचा कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. मूळ माप ३ अंश आहे. तो कमी झाला की वळणानंतर हँडल आपोआप सरळ होत नाही, आणि किंगपिनचे बेअरिंग थोडे जरी सैल असले तरी वेगात अख्खे हँडल थरथरू लागते. मग स्टेअरिंग डॅम्पर (हँडलचा धक्का शोषणारा छोटा शॉकअप) लावला जातो. त्याने थरथर दबते, कारण तसेच राहते. यावर उपाय म्हणजे पाटा आणि हाउसिंगची बैठक यांमध्ये पोलादी पाचर. विलीसचा पाटा हाउसिंगच्या खाली असतो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे यायला हवी. ती उलटी बसली तर उरलासुरला कॅस्टरही जातो. ॲल्युमिनियमची पाचर चेपते, यू बोल्ट सैल पडतात, ती घेऊच नये. टो-इन, म्हणजे पुढची चाके समोरून किती आत वळलेली आहेत ते, शेवटी तपासावे. मूळ माप ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिमी.

मागच्या बाजूला हीच गोष्ट प्रॉपेलर शाफ्टला, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांच्या आसाकडे नेणाऱ्या दांड्याला, भोवते. ८० इंची व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) जीपला मागचा शाफ्ट आखूड असतो. ५०० मिमीच्या शाफ्टवर गाडी ५० मिमी उचलली तर कोन पावणेसहा अंशांच्या आसपास वाढतो. शिवाय लांब शॅकलने डिफरन्शियलचे (मागच्या आसातल्या गिअरपेटीचे) तोंड वर वळते आणि दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन सारखे राहत नाहीत. विशिष्ट वेगाला पायाखाली घरघर जाणवते, पुढे क्रॉस जातो, त्यानंतर ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचे) सील. कोनमापक किंवा मोबाइलवरचे साधन दोन्ही फ्लँजवर (शाफ्टच्या टोकांच्या तबकड्यांवर) टेकवून दोन मिनिटांत हे कळते. तेवढी दोन मिनिटे काढली जात नाहीत, याचे वाईट वाटते.

ब्रेकच्या रबरी नळ्या चाक पूर्ण लोंबताना आणि हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून तपासाव्यात. ताण दिसला तर लांब नळी घ्यावी. ही गाडी ९ इंची ड्रमवर थांबते आणि तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर जेमतेम ४ फूट आहे. तिला उंच करणे म्हणजे घाटातल्या वळणावर उलटण्याच्या जवळ नेणे. मूळ उंचीपेक्षा इंचभर, त्यापुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॉइल स्प्रिंगचे वेड वेगळेच. पाटा दोन कामे करतो: वजन पेलतो आणि हाउसिंगला जागेवर धरतो. कॉइल फक्त वजन पेलते. म्हणजे पुढेमागे धरायला आर्म, आडवे धरायला पॅनहार्ड रॉड, आणि त्यांचे ब्रॅकेट सत्तर वर्षांच्या चासीवर वेल्डिंगने लावायचे. पॅनहार्ड रॉड आणि हँडलचा आडवा रॉड समांतर व सारख्या लांबीचे नसतील तर प्रत्येक खड्ड्याला चाके आपोआप वळतात. विलीसमध्ये मध्ये बेलक्रँक (हँडलचा जोर दोन्हीकडे वळवणारा फिरता तुकडा) आणि दोन बाजूंना चाके वळवणारे दोन टाय रॉड असतात, तिथे हे जुळतच नाही, म्हणजे स्टेअरिंगही बदला. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवे वेल्ड मारले की तडा तिथूनच सुरू होतो.

कायद्याचे भानही हवे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा बजावले. बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरील गाडीला वेगळी नोंदणी मिळते, पण ती मूळ स्वरूपात असेल तरच. चासी कापलेल्या जीपला ते दार बंद होते.

ऑइल इंजिने घडवणाऱ्या उद्यमनगरात हाताची कमतरता नाही, मोजून लिहून ठेवण्याची सवय कमी आहे. म्हणून शहरातल्या सर्व गॅरेजवाल्यांना विनंती आहे की सस्पेन्शनच्या कामाच्या बिलाबरोबर एक कागद द्यावा. त्यावर कामाआधीचा आणि नंतरचा कॅस्टर, टो-इन, शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन, चारही कोपऱ्यांवर जमिनीपासून चासीची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचे वजन लिहावे. यू बोल्टच्या नटांवर रंगाची खूण करून १०० आणि ५०० किलोमीटरला फेरआवळणीची तारीखही टाकावी. मालकांनी हा कागद मागितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

आपला,
जुन्या जीपांचे काम करणारा एक कारागीर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर