घाट उतरणारी तोफूची गाडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मला गाडी चालवता येत नाही आणि शिकावी असं कधी वाटलंही नाही. वेगाचा तर मला रागच आहे. माझा धाकटा भाऊ भरधाव मोटारसायकलवरून पडून चार महिने अंथरुणाला खिळला होता आणि त्याचं सगळं मी केलं आहे. हे आधीच सांगते, कारण आज लिहायला बसले आहे ते रात्री घाटात बेकायदा लावल्या जाणाऱ्या मोटारींच्या शर्यतींवरच्या एका चित्रमालिकेबद्दल.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे घरात होते. भाच्याने टॅबलेटवर ‘इनिशियल डी’ ही जपानी मांगा, म्हणजे चित्रांतून सांगितलेली कथा, इंग्रजी भाषांतरात उघडून दिली आणि म्हणाला, “मावशी, दोन भाग वाच, नाही आवडली तर सोड.” शुइची शिगेनो यांची ही मालिका १९९५ ते २०१३ या काळात ‘यंग मॅगझिन’ साप्ताहिकात चालली, तिचे ४८ खंड झाले. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय व्हायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी रात्रीचे दोन वाजले तरी टॅबलेट हातातच होता.

गोष्ट ताकुमी फुजिवारा नावाच्या शाळकरी मुलाची. वडील बुंता यांचं तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, छोटं दुकान. तेरा वर्षांचा असल्यापासून हा मुलगा पहाटेच्या अंधारात वडिलांची गाडी चालवत घाट चढून वरच्या तलावाकाठच्या हॉटेलात तोफू पोचवतो. जपानात परवाना अठराव्या वर्षी मिळतो, म्हणजे हे सरळसरळ बेकायदा, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. वडिलांनी गाडीत पाण्याने भरलेला कप ठेवून दिलेला असतो. पाणी सांडता कामा नये, कारण पाणी सांडलं म्हणजे मागे तोफू मोडला. परतताना गाडी रिकामी आणि डोळ्यांवर झोप, त्यामुळे पोराला लवकर घरी पोचायचं असतं. पाच वर्षं, रोज तोच रस्ता, तीच वळणं. आपल्याला काही विशेष येतं, हे त्याच्या गावीही नाही. गाड्यांचं त्याला वेड नाही, स्वतःच्या गाडीचं मॉडेलही त्याला धड सांगता येत नाही.

इथेच मी अडकले. मी एकतीस वर्षं लघुलेखक म्हणून नोकरी केली. टायपिंगच्या वर्गात आमच्या बाईंनी कळफलकावर फडकं टाकून बोटं फडक्याखाली ठेवायला लावली होती. पहिले तीन महिने रडू यायचं. मग एके दिवशी कळलं की शब्द कानावर पडतो आणि बोटं पुढे गेलेली असतात. याला कोणी कला म्हटलं नाही, मीही म्हटलं नाही. ताकुमीला पहिल्यांदा कोणी विचारतं, “तू हे कसं करतोस?” तेव्हा त्याला उत्तर सुचत नाही. ते पान मी किती वेळा उलटून पाहिलं असेल!

त्याची गाडी म्हणजे टोयोटाची एई ८६, १९८३ ते १९८७ या काळात बनलेली, १.६ लिटर इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी. गोष्ट सुरू होते तेव्हाच ती जुनाट ठरलेली आहे. समोर कोण, तर माझदाची आरएक्स-७ आणि निसानची स्कायलाइन जीटी-आर. एकशेतीस अश्वशक्तीच्या गाडीने दोनशे ऐंशीच्या गाडीला मागे टाकायचं, हे ऐकायला परीकथेसारखं वाटतं. पण शिगेनो कारण देतात आणि ते पटतं. उतारावर इंजिनाचा जोर फारसा कामाचा राहत नाही, हलकी गाडी आणि ब्रेक कधी दाबायचा याची जाण कामाला येते. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यांची पकड वाढते आणि मागची चाकं हलकी होऊन घसरू लागतात. ते घसरणं आवरत वळण घ्यायचं म्हणजे ड्रिफ्ट. हे मला एकाही आकृतीशिवाय कळलं. वळणावर उभं असलेलं कुणीतरी शेजाऱ्याला हे समजावून सांगत असतं आणि आपण रेडिओवरचं धावतं समालोचन ऐकावं तसं कान देऊन वाचत राहतो. पहिल्याच शर्यतीत ताकुमी आतल्या बाजूची चाकं रस्त्याकडेच्या पाण्याच्या गटारात उतरवतो आणि त्या कडेच्या आधाराने वळण काढतो. रस्ता रोज पायाखालचा असलेल्यालाच हे सुचावं.

कथेतला अकिना डोंगर गुन्मा प्रांतातल्या हारुना डोंगरावर बेतलेला आहे. अकागी, म्योगी आणि उसुइ ही घाटांची नावं तर जशीच्या तशी आली आहेत.

मला सगळंच आवडलं असं नाही. माणसांचे चेहरे, विशेषतः सुरुवातीच्या खंडांत, गाड्यांइतक्या जिव्हाळ्याने काढलेले नाहीत. बायकांच्या वाट्याला बहुतेक वेळा मुलांकडे पाहत उभं राहणंच येतं. उसुइ घाटातली माको आणि तिला रस्ता सांगणारी सायुकी भेटल्या तेव्हा बरं वाटलं. या दोघी निळी गाडी घेऊन उतरतात आणि ताकुमीला घाम फोडतात. अशा आणखी हव्या होत्या.

आणि वेगाचं काय? इकेतानी नावाचा साधा, सज्जन तरुण शर्यतीच्या सरावात गाडी आपटून जखमी होतो. ती पानं वाचताना मला भाऊ आठवला आणि मी एक दिवस पुढे वाचलं नाही. हे पुस्तक मुलांच्या हाती दिलं तर त्यावर घरात बोलणं झालंच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन प्रसंग मात्र विसरता येत नाहीत. ताकुमीचा मित्र इत्सुकी पै पै जमवून एई ८६ घ्यायला जातो आणि चुकून तशीच दिसणारी, कमी ताकदीची एई ८५ घेऊन येतो. लोक त्याची टर उडवतात. ताकुमी काही न बोलता त्याच गाडीचं स्टिअरिंग हातात घेतो आणि टर उडवणाऱ्यांना मागे टाकतो. दुसरा प्रसंग अकागी घाटातला. तिथे ताकुमीच्या गाडीचं इंजिन फुटतं. हरल्यापेक्षा आपण गाडीचा जीव घेतला, याचं त्याला दुःख होतं. वडिलांनी हे होणार हे ओळखून दुसरं इंजिन आधीच आणून ठेवलेलं असतं, पण पोराला अवाक्षर सांगितलेलं नसतं. आमच्या कार्यालयातून मराठी टंकयंत्रं भंगारात गेली, त्या दिवशी मी माझ्या यंत्राची रिबन काढून पर्समध्ये ठेवली होती. ती अजून कपाटात आहे.

आपल्या रविवारच्या पुस्तकांच्या पानावर मांगांचा उल्लेख कधी आलाच तर तो मुलांच्या सदरात येतो. माझी विनंती आहे की अशा मालिकांवर मोठ्यांसाठी, कथा-कादंबऱ्यांच्या बरोबरीने लिहिलं जावं. प्रकाशकांनी हिचं मराठी भाषांतरही मनावर घ्यावं. हिच्या पानापानांवर इंजिनांचे आणि टायरांचे आवाज मोठ्या अक्षरांत पसरलेले असतात. इंग्रजीत ते फिके वाटतात. घरघर, सणसण, खरकन, करकच्च अशा नादमय शब्दांनी भरलेल्या आपल्या भाषेत ते कसे उतरतील, हे वाचायला मी आजच पैसे भरून ठेवायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त लघुलेखिका