पर्यटनमंत्री, तपासणीला जाताना मोजायची टेप सोबत न्या

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आईला घेऊन महाबळेश्वरला गेले होते. पॅरालिसिस झाल्यापासून ती व्हीलचेअरवर आहे, आणि तिला एकदा ते धुकं परत बघायचं होतं, म्हणून ऐपतीपेक्षा जरा जास्तच खर्च करून एका फाइव्ह स्टार रिसॉर्टमध्ये बुकिंग केलं. फोनवर दोनदा विचारलं, व्हीलचेअर सगळीकडे जाईल ना, तर हो मॅडम, सगळी सोय आहे.

सोय म्हणजे लॉबीच्या तीन पायऱ्यांवर टाकलेली पाच-सहा फुटांची लोखंडी फळी. रॅम्पचा उतार 1:12 लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, तीन पायऱ्यांचा दीड फूट धरला तरी अठरा फूट होतात. शेवटी चार पोरांनी आईला चेअरसकट उचललं. पोरं खरंच गुणी होती, मावशी घाबरू नका म्हणत होती, त्यांच्यावर काडीचाही राग नाही, पण आईने डोळे घट्ट मिटून घेतले होते ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. रूममध्ये बाथरूमचं दार चेअरपेक्षा अरुंद, वर उंबरा, शॉवर बाथटबमध्ये. दुसऱ्या दिवशी आईने सकाळपासून पाणीच प्यायलं नाही. का, ते मला संध्याकाळी कळलं.

केंद्राच्या स्टार वर्गीकरणाच्या नियमांतच दिव्यांग पाहुण्यांसाठी किमान एक खोली आणि एक मीटर रुंद दार लिहिलेलं आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे, आणि 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दिव्यांगांसाठीच्या सोयींचे निकष नुसते मार्गदर्शक म्हणून ठेवू नका, बंधनकारक करा.

माझं मागणं एवढंच की पर्यटन धोरणातल्या सवलती कुठल्याही रिसॉर्टला देण्याआधी तिथे व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला घेऊन जा, गेटपासून बाथरूमपर्यंत त्याला एकट्याला जाऊ द्या, अडला तर सवलत थांबवा. कागदावर टिक मारून हे कळत नाही हो.

आई आता कुठे जायचं म्हटलं की "तुम्ही जाऊन या" म्हणते. पण तारकर्लीचा समुद्र तिला बघायचाय हे मला माहितेय. तिथे एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, म्हणजे तुमच्याच खात्याचं. तिथल्या बाथरूमचं दार किती रुंद आहे तेवढं कळवा, मी बुकिंग करते.

आपली,
पुण्याची एक रहिवासी