पावसाळ्यात जॅझच्या एलपी देताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जॅझच्या एलपी (लाँग-प्ले तबकड्या) मित्रांना ऐकायला जरूर द्याव्यात, पण गोव्याच्या पावसाळ्यात जरा जपून. दमट हवेत कव्हरला बुरशी धरते, ती खाचांत उतरली की चरचर सुरू. आतले कागदी पाकीट काढून पॉलिथिनचे घाला. तबकड्या उभ्याच ठेवा; गाडीत उन्हात तर मुळीच नको.

तबकडी कोणत्या आवृत्तीची, हेही मित्राला सांगा. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची पहिली बाजू, ध्वनिमुद्रण यंत्र संथ चालल्यामुळे, जुन्या प्रतींत किंचित चढ्या सुरात वाजते. दुरुस्ती थेट १९९२ च्या आवृत्तीत झाली. तबकडीसोबत वाजवताना गिटारचा सूर जुळेना, तर बिचाऱ्या टर्नटेबलला दोष देऊ नका!

आपला,
एक संग्राहक, मडगाव