करंजीचा मोडलेला कोपरा

नाशिक, रविवार

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

काल फराळाचे डबे घासायला काढले, तर एकात करंजी निघाली. एक कोपरा मोडलेली, तेवढीच खाल्लेली. लक्ष्मीपूजनाला मी सगळ्यांदेखत "पुण्याला जाऊन अंगानं सुटलीस गं" म्हणाले, त्यानंतर तू ठेवून दिलेली. मावश्या हसल्या आणि तू उठून आत गेलीस. माझं चुकलं, गौरी. फोनवर हे तोंडातून निघेना, म्हणून लिहिते आहे.

आता तू रात्रीचं जेवण सोडून काकडीवर राहतेस असं दादाकडून कळलं. तसं करू नकोस. दोन वर्षांत सहा किलो वाढले ते आपल्या पोळी-भाजीनं नाही. इथे असताना क्लासला सायकलवर जायचीस, संध्याकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर मैत्रिणींबरोबर फेऱ्या मारायचीस, साडेआठला पानावर बसायचीस. तिकडे कॅबमधून खुर्चीत आणि खुर्चीतून कॅबमध्ये. रात्री अकराला मागवलेलं खायचं, दीडला झोपायचं, सातला गजर. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचं सांगणारं घटतं. म्हणजे त्या अकराच्या भुकेला हाव म्हणू नकोस, ते जागरण आहे. आधी झोपेची वेळ अलीकडे आण. बाकीचं त्यामागून येईल असं मला मनापासून वाटतं.

आपल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, तुझं नाव न घेता. भारतीयांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 25 नाही, 23 च्या आत असावा म्हणाल्या, कारण आपल्याकडे त्याच वजनाला पोटावर चरबी जास्त असते. तुझ्या पाच फूट दोन इंचांना ते 57 किलोच्या आसपास येतं. तुझं 61 आहे. घाबरण्यासारखं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. रोज काट्यावर उभी राहू नकोस, महिन्यातून एकदा टेपनं कंबर मोज. बायकांची 80 सेंटिमीटरच्या आत असावी. आणि पाळी मागेपुढे होत असेल तर लाजू नकोस, दाखवून ये. पीसीओडी (अंडाशयाचा, हार्मोन्सचा त्रास) किंवा थायरॉइड असेल तर नुसतं उपाशी राहून भागत नाही, उलट अशक्तपणा येतो.

आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाललीस तरी पुष्कळ. रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. जेवणानंतर ऑफिसभोवतीच एक चक्कर मारलीस तरी तीही धर त्यात.

बाबांनी पेठहून नागली आणली आहे. भाकरी थापायला तू कंटाळशील, म्हणून पीठच पाठवते, सकाळी ताकात आंबील कर. नागलीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि दुपारपर्यंत भूक लागत नाही. जोडीला मोड आलेली मटकी ठेव.

पुढच्या शनिवारी येतेस ना? पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढू, मलाही दम लागतोच, आपण थांबत थांबत जाऊ. तुझे जुने बूट धुऊन गच्चीवर वाळत घातले आहेत. ती करंजी खवट झाली होती, टाकून दिली. आल्यावर ताज्या चार करते. त्यातली एक तू पूर्ण खायचीस, माझ्याशेजारी बसून.

तुझी,
आई