ती चौकट काढून टाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाण्याच्या टँकरला ग्रामदैवताचा दर्जा द्यावा, दर सोमवारी त्याची पालखी काढावी आणि मानाचा नारळ ठेकेदाराने फोडावा, असा लेख आपल्या रविवार पुरवणीत आला होता. पुढच्या रविवारी त्यावर दोन संतापलेली पत्रे छापून आली. एका वाचकाला ती देवाधर्माची टिंगल वाटली, दुसऱ्याने शासन निर्णयाचा क्रमांक विचारला. तेव्हापासून त्या सदराखाली चौकट येऊ लागली आहे : 'हे लेखन उपहासात्मक आहे, वाचकांनी नोंद घ्यावी.' ती काढून टाकावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या माण तालुक्यात टँकरची वाट बघण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्यांना तो लेख कुणी समजावून द्यावा लागला नाही. पण समजत नाही म्हणणाऱ्यांनाही दोष देऊन भागणार नाही. उपहास वाचायलाही थोडी सवय लागते.

उपहास करणारा सहसा स्वतःच्या तोंडाने बोलत नाही. नाथांचे 'रोडगा वाहीन तुला' हे भारूड घ्या. सासरा गावी गेलाय, त्याला तिकडेच खपव, असे सून भवानीआईला सांगते. मग सासूची पाळी येते, जावेची येते, किरकिऱ्या भाच्याला खरूज मागितली जाते आणि शेवटी नवऱ्याचाही नंबर लागतो. शब्दशः घ्यायचे तर हे घर बुडवायचे गाऱ्हाणे आहे. तरी चारशे वर्षे लोक यावर हसत आले आहेत, आणि त्यात सासवाही आल्या. सोंग घेऊन बोलणारी ती बाई म्हणजे नाथ नव्हेत, हे समोर बसलेल्या निरक्षर माणसालाही कळते. वर देवाशी चाललेल्या नवसाच्या सौद्याचे हसू आहे आणि आत, संसाराचे पाश तुटून जीव एकटा उरावा ही मागणी. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे' या विनोदी लेखांत सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या पात्रांना पुढे केले तेही याच कामासाठी. ही मंडळी जुन्या समजुती इतक्या निष्ठेने पाळतात की समजुतींचेच हसे होते.

दुसरी रीत म्हणजे चेहऱ्यावरची रेषाही न हलवता हिशेब मांडणे. आयर्लंडमधल्या उपासमारीवर डब्लिनच्या जोनाथन स्विफ्टने १७२९ साली एक पुस्तिका काढली. हा गृहस्थ पेशाने धर्मगुरू. गरिबांच्या घरी वर्षाला १ लाख २० हजार मुले जन्मतात, त्यातली २० हजार वंशवाढीसाठी ठेवावीत आणि उरलेली लाखभर वर्षाची झाली की श्रीमंतांच्या ताटासाठी विकावीत, असा त्याचा प्रस्ताव. भाषा एखाद्या अर्थतज्ज्ञाची, आकडे चोख, कुठे डोळा मिचकावणे नाही. शेवटाकडे मात्र तो म्हणतो की दुसरे उपाय मला सांगू नका. कोणते उपाय? परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवणे, देशी माल वापरणे, जमीनदारांनी कुळांवर थोडी दया करणे. त्याचे खरे म्हणणे या झटकून टाकलेल्या यादीत आहे.

आपल्या टँकरलेखकानेही 'पाझर तलावातला गाळ काढण्यासारख्या नास्तिक कल्पना' अशी एक ओळ मध्येच सोडून दिली आहे. शासन निर्णय मागणारे सद्गृहस्थ तिथे अडखळले असते तर त्यांना क्रमांक मागायची गरज पडली नसती.

तिसरी रीत विडंबनाची. आचार्य अत्र्यांची विडंबन-कविता सगळ्यांना ठाऊकच आहे. प्रियकराची वाट पाहावी त्या सुरात परिटाची वाट पाहिली की त्या सुराची हवा आपोआप निघते.

चौकटीने यातले काहीही साधत नाही. शिवाय लोक लेखाचे कात्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात तेव्हा चौकट कापलेली असते. मला तो टँकरचा लेख तीन गटांवर आला, एकातही ती नव्हती. ओळींच्या आत पेरलेली खूण मात्र कात्रणाबरोबर जाते.

एक तक्रारही आहे. याच सदरात मागे, घरपोच सामान आणणाऱ्या पोरांच्या मोडक्या इंग्रजीची नक्कल आली होती. तिथे ना सोंग होते, ना हिशेब, ना झटकलेली यादी. होता तो घामाघूम पोरगा आणि त्याला हसणारे आपण. दहा मिनिटांत सामान पोचवण्याची घाई ज्यांनी लावली, त्यांचे नावही लेखात नव्हते. त्या लेखाखाली चौकट टाकली असती तरी मला हसू आले नसते.

टँकरवाल्या लेखकाला माझा नमस्कार कळवा. पालखी निघणारच असेल तर तिच्यात बसवायला खेपांची नोंदवही घ्या म्हणावे. झालेल्या आणि न झालेल्या सगळ्या खेपा तिच्यात सारख्याच श्रद्धेने लिहिलेल्या असतात.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, म्हसवड