गुरुजी, कडब्याच्या गंजीबद्दल थँक्यू

गुरुजी, सलाम.

फोनवर बोलायला लागलो की माझा गळा दाटतो म्हणून इथं लिहायलोय, नातवाला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. तुमचं नाव टाकलं नाही, रागावाल म्हणून.

दादांच्या मातीच्या दिवशी जालन्यात सगळ्यांसमोर एक पाहुणे प्रचारक म्हणाले की बाप्तिस्मा न घेता गेलेला माणूस आता जळायलाय आणि जळतच राहणार. आई तिथंच खाली बसली. दादा दर रविवारी तिला स्कूटरवर चर्चला आणायचे अन् बाहेर लिंबाखाली पेपर वाचत बसायचे, आत कधी आले नाहीत, एवढाच त्यांचा गुन्हा. मला मग दोन महिने झोप नाही, चहासाठी गॅस पेटवला तरी तेच डोक्यात.

तुम्ही घरी आलात तेव्हा वाटलं म्हणतील, देव दयाळू आहे, सोड आता. तुम्ही तर आधी मत्तय 25:46 च काढायला लावलं! सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन एकाच वाक्यात, ग्रीकमध्ये दोन्हीकडं आयोनिओस हाच शब्द, मग एक कायमचं अन् दुसरं संपणारं कसं म्हणायचं, हा ऑगस्टीन नावाच्या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताचा सोळाशे वर्षांपूर्वीचा मुद्दा. माझे हातपाय गार. मग दुसरी बाजू, म्हणजे कायम जळणं नाही तर संपून जाणं: मत्तय 10:28, तिथं आत्मा आणि शरीर दोघांचा नरकात 'नाश'. रोमकरांस 6:23, पापाचं वेतन मरण. आणि तो नरक म्हणजे मूळ शब्द गेहेन्ना, यरुशलेमजवळची हिन्नोमची दरी, जिथं लोकांनी पोटची लेकरं जाळली होती (आमच्या संडे स्कूलात हे कुणी सांगितलंच नव्हतं).

मी विचारलं, मग 'न विझणारी आग' कामून लिहिलंय? तुम्ही म्हणालात, तुमच्या कडब्याच्या गंजीला आग लागली तेव्हा दादांनी किती बादल्या मारल्या, विझली का? नाही. कडबा राहिला का? तोही नाही. मला एकदम दादांची काळी झालेली बनियन दिसली अन् रडूच फुटलं.

पण तुम्ही तिथं थांबला नाहीत, लगेच प्रकटीकरण 20:10 उघडलं, सैतानाला युगानुयुग पीडा, म्हणालात हे वचन मला ओलांडता येत नाही बाबा, मी जुन्याच मताचा, शिक्षा कायमची. वर हेही सांगितलं की जॉन स्टॉटसारख्या नावाजलेल्या इंग्लिश पाळकानं 1988 मध्ये कायम पीडेपेक्षा नाश होण्याच्या मताकडं आपला कल आहे असं छापून कबूल केलं, तेही चाचपडत, ठामपणे नाही. स्वतःच्या मताच्या विरुद्धचं एवढं नीट कोण समजावून सांगतं हो? निघताना चप्पल घालता घालता म्हणालात, दादांचा निकाल माझ्याकडं नाही, बरं झालं नाही ते.

मी अजून कुठल्याच बाजूला नाही. पण झोपायलोय.

तुमची चष्म्याची डबी आमच्या टीव्हीजवळ राहिलीय, रविवारी आणतो. आईनं धपाटे पण द्यायचे म्हणलंय.